डावीकडनं या

सांगलीच्या आमच्या चित्रदालनात पूर्वी हळदीचं गोदाम होतं. भिंतींना चुना लागला, दिवे आले, चित्रं टांगली, तरी हळद काही हटली नाही. उद्घाटनाला आलेले पाहुणे समई लावायला वाकले की आधी दोन शिंका द्यायचे आणि मग आम्ही टाळ्या वाजवायचो. मी तिथला मानद चिटणीस, म्हणजे बिनपगारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारा. दिवसा शाळेत चित्रकला शिकवायची, दुपारनंतर दालन उघडायचं. एक्याण्णव सालापर्यंत त्या दालनात मी, चित्रं आणि हळद एवढेच असायचो.

मग गुणमालाअक्का आल्या.

खरं म्हणजे त्या चित्रं बघायला आल्याच नव्हत्या. त्यांचे यजमान आदगोंडाअण्णा मगदूम शेतातली हळद घेऊन सौद्याला आले होते. सौदा मिटेपर्यंत बायकोने कुठे बसायचं, तर आमच्या पायरीवर, सावलीला. अक्का थोडा वेळ बसल्या आणि मग आत शिरल्या. मी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "काय पाहिजे?"

"काय पायजे म्हंजे? बघाय आलीया," अक्का म्हणाल्या आणि मला ओलांडून गेल्या.

थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. बाजाराला आलेल्या चार-पाच बायकांना अक्का एक तैलचित्र समजावून सांगत होत्या. चित्रात दाढीवाला म्हातारा होता, नुसता बसलेला. अक्कांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा खिल्लारी बैल हरवला होता, आणि तो सापडेपर्यंत दाढी करणार नाही असा त्याने पण केला होता. बायका हळहळत होत्या. एकीने तर, आपल्या भावकीतल्या कुणाचा बैल असाच गेला होता, हेही सांगून टाकलं. मी आत जाऊन हे थांबवणार होतो, पण खोटं कशाला बोलू, बैलाचं पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.

त्या दिवसापासून अक्का आमच्या दालनाच्या वाटाड्या झाल्या. कुणी नेमलं नाही, कुणी विचारलं नाही. दुपारची कामं उरकून त्या घरून चालत यायच्या, दारात उभ्या राहायच्या आणि येणाऱ्याला सांगायच्या, "चपला भाईर, गप्पा भाईर, आन् डावीकडनं या."

हे 'डावीकडनं' सांगायची तशी गरजच नव्हती. दालनाच्या मधोमध, ही जागा देणाऱ्या आबासाहेबांचा अर्धपुतळा होता. आपल्याकडच्या माणसाला खोलीच्या मधे पुतळा दिसला की पाय आपोआप डावीकडे वळतात, पुतळ्याला उजव्या हाताला ठेवून. जैन बस्तीत जाणारे असोत, विहारात जाणारे असोत की मारुतीच्या देवळात. मूर्ती वेगळी, वळण एकच. जैन मंडळी तर तीन-तीन फेऱ्या घालायची. आबासाहेब हयात असताना त्यांच्या तापट स्वभावाला भिऊन लोक रस्ता बदलत. आता तेच लोक त्यांना प्रदक्षिणा घालत होते.

त्या दाढीवाल्याचं पुढे असं झालं की, एका रविवारी अक्कांच्या घोळक्यात एक किडकिडीत गृहस्थ मागे उभे होते. बैलाची कथा संपल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, हे चित्र मी काढलंय. हे माझे मामा होते. पोस्टात होते."

मी माफी मागायला पुढे झालो. अक्कांच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "मग तुमास्नी ठाऊक असंल की. गावला का बैल?"

चित्रकारांनी एकदा चित्रातल्या मामांकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय. गावला." आणि घोळक्याने टाळ्या वाजवल्या.

पुढे एकदा नव्या धाटणीच्या चित्रांचं प्रदर्शन आलं. नुसते लाल-काळे चौकोन, वर पिवळे ओघळ. त्या चित्रांपुढे मीच घाबरलो होतो. अक्का मात्र लोकांना म्हणायच्या, "ह्यात काय हाय ते काढनाराला बी ठाऊक न्हाई, तवा तुमी भ्याचं न्हाई. ज्याला जे दिसंल ते त्याचं." झालं! इस्लामपूरच्या दोन भावांना एकाच चित्रात आपल्या सामाईक बांधाचा नकाशा दिसला आणि बांध नक्की कुठून जातो यावरून ते चित्रासमोरच हातघाईवर आले. अक्कांनी त्यांना शेजारच्या चित्रापुढे नेलं. "ह्यात बांधच न्हाई बगा. हितं उभं ऱ्हावा." आणि ते राहिले!

भाज्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ऐन पर्युषणात आलं. अक्कांच्या घरी कांदा, बटाटा वर्ज्य. त्या वांगी, भोपळा, दोडका यांच्यापाशी मनसोक्त रमायच्या, आणि कांद्याचं चित्र आलं की तोंड फिरवून घोळका पुढे रेटायच्या. मी म्हटलं, "अक्का, चित्रातला कांदा बघितल्याने काय बिघडतं?"

"बघून काय बिघडत न्हाई, मास्तर. पर तोंडाला पानी सुटलं म्हंजे?"

त्यांचा दुसरा नेम म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवायचं. त्यामुळे संध्याकाळची फेरी असली की अक्कांचा एक डोळा चित्रावर आणि एक पश्चिमेच्या खिडकीवर. ऊन खिडकीच्या गजांवर आलं की अक्कांचा वेग वाढायचा. शेवटची चार चित्रं तर अक्षरशः पळत व्हायची. "ही नदी, ह्यो डोंगर, ह्यो मानूस त्या डोंगरावर चाललाय, आपुन बी चला!" लोकांना ही धावती फेरी इतकी आवडायची की काही जण मुद्दाम उशिरा यायचे.

फेरी संपेपर्यंत पायरीवर आदगोंडाअण्णा डबा घेऊन हजर असायचे. लूनावरून यायचे, उतरायच्या आधीच बोलायला लागायचे. अण्णांचं बोलणं म्हणजे पाटाचं पाणी. एकदा वाफ्याचं दारं मोडलं की सगळं रान भिजेपर्यंत थांबत नसे. पायरीवर दोघं भाकरी खायची. अण्णा बोलायचे, अक्का मान हलवायच्या. पण सहा वर्षांत अण्णांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. "भित्तीकडं बघत बसाय मानसाला येळ कुठला?" असं म्हणायचे आणि पायरीवर तासभर बसून राहायचे. सुरुवातीला अक्का त्यांना आत बोलवायच्या. मग त्यांनी तो नाद सोडला.

एकदा मी विचारलं, "अक्का, रोज एवढी पायपीट का करता?"

त्या चटकन म्हणाल्या, "घरात माझं एक वाक्य पुरं हुईत न्हाई, मास्तर. मी तोंड उघडलं की ह्ये सुरू. ह्येंचं वाईट न्हाई काय, मानूस सोन्यासारका. पर हितं मी बोलती आन् मानसं ऐकत्यात. मला ते लय ग्वाड लागतंय."

आणि नेमकं तेच काढून घ्यायला सत्त्याण्णव साली कॅसेट आली.

'आपली माणसं' नावाचं ते प्रदर्शन होतं. सातारा आणि सांगलीकडच्या रोजच्या माणसांची चित्रं. ते आधी साताऱ्याला लागलं आणि खूप गाजलं. मांडणी करणारा तरुण होता कुणाल. मूळचा लोणंदचा, पण मुंबईत शिकून आलेला, त्यामुळे लोणंदचं नाव काढलं की 'तिकडे' म्हणायचा. त्याने चित्रांची माहिती एका गोड आवाजाच्या बाईंकडून वाचून घेतली होती. टेपरेकॉर्डर लावायचा, लोकांनी चित्रं बघत पुढे सरकायचं. साताऱ्याच्या सभागृहात हे इतकं बिनबोभाट पार पडलं की, आमचे अध्यक्ष हंबीरराव ते बघून आले ते कॅसेटच्या प्रेमातच पडून आले. हंबीरराव म्हणजे आबासाहेबांचे चिरंजीव. वडिलांचा तापटपणा त्यांच्यात उतरला नव्हता, हौस मात्र दुप्पट उतरली होती.

त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, पहिल्या दिवशी कॅसेट नीट चालली, की तिथून पुढं सगळी प्रदर्शनं कॅसेटवर. अक्कांना म्हणावं, स्टुलावर बसा आणि कुणी चित्राला हात लावत नाही ना तेवढं बघा. त्यांनाही आराम."

आराम! मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, जसा परीक्षेला बसूच न दिलेल्या पोराचा होतो. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पदराने स्टूल पुसलं.

उद्घाटनाच्या दिवशी अण्णा त्यांना लूनावरून सोडायला आले. अक्कांनी मला हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि आभाळाकडे बोट केलं.

"मौन धरलंय," अण्णांनी खुलासा केला. "दिवस मावळंपतुर. देवाफुडं नेम घेतलाय. रागानं न्हाई, असं पाटीवर लिवून दावलं. आता रागानं न्हाई तर कशानं? सकाळधरनं घरात मी एकटाच बोलतोय."

"म्हणजे रोजच्यासारखंच," मी म्हणालो. अक्कांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण नेम मोडला नाही.

भाषणं झाली, शिंका झाल्या. पहिला गट होता पलूसच्या महिला मंडळाचा. टेम्पो भरून आलेल्या बायका आणि त्यांच्या पुढारी धोंडुबाई, आवाज असा की टेम्पोला हॉर्नची गरज नाही. कुणालने टेपचं बटण दाबलं. बायकांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या, आबासाहेबांना नमस्कार केला आणि एकजात डावीकडे वळल्या.

कुणालने चित्रं उजवीकडून लावली होती. दारातून आत आलेला माणूस उजवीकडे वळतो, असं म्हणे शास्त्र आहे. असेलही. साताऱ्याच्या सभागृहात ते खरं ठरलं होतं, कारण तिथे मधे आबासाहेब नव्हते.

"पाहा ही लाजरी नववधू," टेपमधल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तिच्या टपोऱ्या डोळ्यांत उद्याची स्वप्नं आहेत."

पलूसचं अख्खं महिला मंडळ एका म्हशीसमोर उभं होतं. मुऱ्हा म्हैस, बाजारात विकायला आणलेली, शिंगांना रंग दिलेला.

"अगं बया," धोंडुबाई म्हणाल्या, "डोळं खरंच टपुरं हायेत की."

एक पिचकारीसारखं हसू कुठूनतरी उडालं. बायका पुढे सरकल्या. "हा आपल्या साताऱ्याचा निवृत्त सुभेदार. मिशांना पीळ, छातीत अभिमान." समोर एक बाई पापड लाटत होती. "या दोघी जिवलग मैत्रिणी. एकमेकींना भेटल्या की वेळेचं भान राहत नाही." समोर लंगोट लावलेले दोन पैलवान एकमेकांची मानगूट धरून उभे होते. आता बायकांनी भिंतीचा आधार घेतला. एकीला उचकी लागली. हंबीरराव पहिल्या रांगेतून ओरडत होते, "शांतता राखा!" आणि स्वतःच रुमालात तोंड खुपसत होते.

सगळ्यात कहर मधल्या चित्रापाशी झाला. चित्रांची संख्या विषम, त्यामुळे इकडून मोजा की तिकडून, मधलं चित्र तेच. टेप म्हणाली, "हा गुऱ्हाळातला गुळव्या, काहिलीतला रस ढवळतो आहे." आणि समोर खरोखरच गुळव्या काहिलीतला रस ढवळत होता.

"ह्यो न्हवंच," धोंडुबाईंनी निकाल दिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तोवर टेपवरचा त्यांचा विश्वास पार उडालेला होता.

कुणाल धावत पुढे आला. "ताई, उलट झालंय! उजवीकडून या, उजवीकडून!"

"आवं सायेब," धोंडुबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उलटी फेरी कुटं शुभकामात घालत्यात व्हय?"

हा मुद्दा बिनतोड होता. कुणालने मग टेपच मागे न्यायचा प्रयत्न केला. गोड आवाजाच्या बाई चिमणीसारख्या चिवचिवल्या, मग रेड्यासारख्या हंबरल्या आणि गप्प झाल्या. टेपरेकॉर्डरने फीत गिळली होती. कुणालने ओढली, तर हातभर फीत शेवयांसारखी बाहेर आली.

सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या.

"अक्का," धोंडुबाई म्हणाल्या, "आमी काय ह्या पिपाणीसाटनं आलोय व्हय? आमच्या नंदंनं सांगितलं, तितं एक बाई हाय, ती चित्राला बोलतं करती. तुमीच सांगा आता."

अक्का उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीकडे बघितलं. ऊन अजून गजांच्या बरंच वर होतं. मला त्या क्षणी त्यांच्या नेमाचा असा राग आला की काय सांगू! ज्यासाठी ही बाई सहा वर्षं चालत आली, ते समोर हात जोडून उभं होतं, आणि हिनेच आपल्या तोंडाला कुलूप घातलं होतं. पलूसचा टेम्पो काही दिवस मावळेपर्यंत थांबणार नव्हता.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मौनात बोलायचं न्हाई. हात हलवाय कुनी अडवलंय?"

पायरीवर आदगोंडाअण्णा उभे होते, हातात डबा.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग पदर कमरेला खोचला, बायकांना पुन्हा दारापाशी आणलं, डावीकडे, म्हशीपुढे. आणि पन्नाशीतल्या, पाच नातवंडांच्या आजी असलेल्या गुणमालाअक्का आमच्या डोळ्यांदेखत म्हैस झाल्या.

काय ती म्हैस! गिऱ्हाईक दात बघायला आलं की मान वेळावणारी, मालकाने पाठीवर थाप मारली की लाडात येणारी, आणि विकली गेल्यावर दावं तोडून परत घराकडे पळणारी. बायका ओरडायला लागल्या, "इकली! न्हाई, पळाली! घरला आली!" बरोबर ओळखलं की अक्का टाळी द्यायच्या. पापडवालीपाशी कळलं की तिला खरं म्हणजे सिनेमाला जायचंय. पैलवानांसाठी अक्कांनी धोंडुबाईंनाच बोलावलं, आणि दोघींनी एकमेकींची मानगूट अशी धरली की हंबीररावांनी खुर्ची सोडून शड्डू ठोकला. गुळव्याच्या वेळी कुणाल काहिल झाला. दोन्ही हातांचं कडं करून उभा राहिला आणि अक्का त्याच्यात ढवळत होत्या. सुभेदारापाशी अक्कांनी मिशीला पीळ दिला, कडक सलाम ठोकला, आणि मग इकडेतिकडे बघत हळूच बायकोचा चष्मा काढून घेऊन पेपर वाचला. "चोरून! चश्मा! बायकूचा!" हे सगळ्यात आधी ओळखलं कुणी, तर आदगोंडाअण्णांनी. ते कधी आत आले ते मला कळलंच नाही. चपला घालूनच, सरळ मधून, आबासाहेबांच्या शेजारी येऊन उभे होते आणि ओरडत होते. मी इतका हसलो की बरगडी धरून खाली बसलो.

फेरी डावीकडून आल्यामुळे शेवटचं चित्र दाराच्या उजव्या अंगाला, नवरीचं.

अक्कांनी कमरेचा पदर सोडून डोक्यावर घेतला. हळूहळू उंबऱ्यापर्यंत गेल्या. तिथे थांबून वळल्या. त्यांनी भिंतींकडे बघितलं, एकेका चित्राकडे. मग स्टुलाकडे. मग माझ्याकडे, आणि दोन्ही हात जोडले.

नवरी कुठली नि काय! ही बाई आमचा निरोप घेत होती. धोंडुबाई पदराने नाक पुसत होत्या.

हंबीरराव खाकरले. शड्डू ठोकून त्यांची मांडी लाल झाली असावी, कारण ते लंगडतच पुढे आले. "अक्का, पाठवणी कुणी ठरवली? उद्या पलूसची दुसरी गाडी येतीया, परवा शाळा हाय. माघारी फिरा." मग कुणालकडे वळून म्हणाले, "त्या शेवया तेवढ्या गोळा कर, गड्या." कुणाल खाली बसून फीत गुंडाळायला लागला. नंतर चित्रांवरचे दिवे मालवायला तो निघाला, तेव्हा मी नीट बघितलं. लोणंदचे पाय डावीकडेच वळले.

टेम्पो गेला, हंबीरराव गेले, कुणाल गेला. खिडकीतलं ऊन गजांवरून उतरून केव्हाच गेलं होतं. डबा आबासाहेबांच्या चौथऱ्यावर तसाच होता. अण्णांनी तो उचलला आणि परत ठेवला.

"ऱ्हायलं जेवन," ते म्हणाले. "दोघांचं बी. आता सकाळीच."

दिवस मावळला होता. नेम संपला होता. अक्कांनी दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"आवं, मधनंच काय घुसलासा? आन् पायात चपला!"

अण्णा निमूटपणे बाहेर गेले, चपला पायरीवर काढल्या आणि पुन्हा उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"डावीकडनं या," अक्का म्हणाल्या.

मी किल्ल्या खिशात टाकल्या, मालवलेले दिवे पुन्हा लावले आणि स्टुलावर जाऊन बसलो. अक्का म्हशीपासून सुरू झाल्या, या वेळी बोलून, सगळं सविस्तर. म्हशीचं नाव काय, ती कुठल्या बाजारात विकली गेली, दावं कुठे तुटलं, सगळं. मला सडकून भूक लागली होती आणि अक्कांना कसलीच घाई नव्हती. पापडवालीपाशी त्या थांबल्या, पैलवानांपाशी थांबल्या, गुळव्यापाशी तर चांगल्याच रमल्या. अण्णा हात मागे बांधून, मान वर करून त्यांच्या मागून चालत होते. नवरीपर्यंत पूर्ण फेरी झाली, आणि अण्णा एकदाही मधे बोलले नाहीत.